जगदेवच्या खळ्यावरचं विमान

"हे तुम्ही मानणार नाही, आधीच सांगून ठेवतो. कामरगावच्या बाजारात मी माणसासारखी खोकणारी म्हैस पाहिली, ते तुम्ही मानलं. मालगाडी आली आणि इंजिनात कोणीच नव्हतं, तेही मानलं, वर मला चहा पाजला. पण आज जे सांगणार आहे, ते मानायची छाती या मांडवात एकाचीही नाही!"

जगदेवच्या तेरवीला, त्याच्याच अंगणात, पंगत बसायच्या आधी मी असा ओरडलो. तेरवीला ओरडू नये हे मला कळतं. पण बबनरावनं तोंड उघडलं होतं. बबनराव म्हणजे आमच्या जऊळक्याच्या पोलीस पाटलाचा मुलगा. वारशात त्याला दुसरं काही आलं नाही, बापाचं तोंड तेवढं आलं. पत्रावळी मांडता मांडता तो शेजारच्याला म्हणाला, "काही म्हना, सेठच्या पोराले धुरानं मारलं, ते पाप जगदेवबुवाले शेवटपर्यंत चिकटलं. पाहा ना, तेरवीले मानसं किती आले."

माणसं खरंच थोडी होती. दोनशे पानांचा स्वयंपाक आणि मांडवात जेमतेम चाळीस जण. दाराच्या आत जगदेवची बायको रंगूबाई बसली होती. तिनं पदर जरा पुढं ओढला, एवढंच. पण तिनं ऐकलं होतं.

अकरा वर्षं मी हा धूर ऐकतो आहे. जगदेव होता तोवर म्हणायचा, "जाऊ दे मारोत्या, बोलू नको." आता तो नाही. माणूस जळून राख झाला आणि त्याच्या नावाला धूर तसाच, हे मला सहन झालं नाही. आज तो पुसायचाच, म्हणून मी मांडवाच्या मधोमध उभा राहिलो. म्हटलं, वरण निवलं तर निवू द्या. आधी ऐका.

सन छत्तीसचा माघ. ज्वारी सोंगून झाली होती, गावोगावी खळी चालू होती. नागपूरच्या एका उड्डाण मंडळीनं विमानांची शर्यत काढली. नागपुराहून उडायचं, जऊळक्याला एका खांबाला, तो डाव्या हाताला ठेवून, पूर्ण वळसा घालायचा आणि परत नागपूर गाठायचं. जऊळकंच कायले, तर वरून माणसाला रूळ दिसतात आणि रुळाच्या धाग्यात आमचं ठेसन ओवलेलं. विमानं नऊ. त्यातलं नववं आपल्या मुलखातलं. कारंज्याच्या शांतीलाल सेठचा धाकटा, देवेंद्रकुमार, मुंबईला जाऊन उडायला शिकला होता. वय चोवीस.

शर्यतीच्या तीन दिवस आधी मंडळीचा साहेब खांब घेऊन गाडीनं आला. मी तेव्हा ठेसनावर हमालांचा मुकादम. खांबाचे दोन तुकडे होते आणि ते जोडायची लोखंडी नळी अकोल्याला, मोठ्या लाइनीवरून छोट्या लाइनीवर माल उतरवताना, कुठं तरी राहिली होती. साहेबानं आधी आमच्या आया-बहिणींची आठवण काढली, मग शेतं पाहत निघाला. रुळालगत जगदेवचं खळं पाहिलं आणि त्यानं टाळीच वाजवली.

तुमच्यातल्या बाळबच्च्यांनी ते खळं पाहिलेलं नाही. शेणानं सारवलेलं, ताटासारखं गोल, चाळीस हात रुंद. मधोमध बाभळीचा तिवडा, म्हणजे बैल ज्याच्याभोवती फिरतात तो खांब, छातीएवढा उंच आणि मांडीएवढा जाड. साहेब म्हणाला, कडेनं चुना मारा, अर्धा खांब या तिवड्याला बांधा, वर लाल फडकं लावा. आभाळातून याच्यापेक्षा चांगली खूण दिसणार नाही.

पण खळं रिकामं नव्हतं. गुडघाभर कणसं पसरलेली, चार बैलांची पात जुंपलेली, ज्वारी अर्धी मळून झालेली. जगदेवनं हात जोडले.

"साहेब, पात चालू हाय. दोन दिस थांबा ना."

साहेबानं तहसीलदाराचं पत्र दाखवलं. पत्राला काय पात कळते?

"मंग मले पात उलटी फिरवून सोडू द्या," जगदेव म्हणाला. "अन् हा दोर काढू द्या. तिवड्याले रिकामा दोर ठिवाचा नसते."

"काहून?" मी विचारलं. मला खरंच ठाऊक नव्हतं. मी रुळावरचा माणूस.

"दोर बैल धुंडते," जगदेव म्हणाला.

साहेबाला खांब आवळायला दोरच हवा होता आणि अंबाडीचा असा मजबूत दोर तयार सापडला होता. बैल जसे होते तसे सोडले आणि बांधावरच्या बाभळीखाली नेऊन बांधले. उलटा फेरा नाही, काही नाही. एरवी दोराची कडी तिवड्यावर सैल असते, बैल फिरले की तीही फिरते. साहेबानं ती गच्च आवळून खांब बांधला. उरलेला दोर, अठरा-वीस हात तरी असेल, तसाच कणसांवर लोंबत राहिला. जगदेव बराच वेळ त्या टोकाकडं पाहत उभा होता. मग त्यानं खाली वाकून ते टोक कणसांच्या खाली लपवलं. जसं काही कोणाला ते दिसू नये.

"आता दोरावर आला!" बबनराव म्हणाला. "मारोतकाका, इमान आभायात होतं. दोर काय तीस पुरुष लांब होता का?"

"तुझ्या बारशाले तू किती भोकाड पसरलं ते याद हाय मले," मी म्हटलं. "गप बस. तुझ्या बापाचं नाव पुढं येनारच हाय."

मी पुढं सांगू लागलो.

शर्यतीच्या दिवशी ही गर्दी. वाशीमचे वकील, कारंज्याचे व्यापारी, पोहरादेवीकडच्या तांड्यांतली माणसं, गाड्या भरभरून. शांतीलाल सेठनं बांधाशी कनात ठोकली होती. आत खुर्च्या, गालिचा, बुंदीच्या लाडवांची टोपली. देवेंद्रकुमारची आई अंगुरीबाई पहिल्या खुर्चीवर बसली होती. साहेब दुर्बीण घेऊन शेजारी. माझ्या हातात पाटी आणि खडू. विमानानं पूर्ण वळसा घातला की एक रेघ. चुन्याच्या रेघेवर वाशीमचे दोन शिपाई, कोणी आत शिरू नये म्हणून.

आणि जगदेव कुठं होता? सगळ्यात लांबच्या बांधावर. धूर करत होता. कारण साहेबानंच सांगितलं होतं की वारा कुठला ते वरून दिसायला पाहिजे. ओलं कुटार आणि पऱ्हाट्या पेटवून त्यानं धूर केला. धूर रुळांच्या उलट बाजूला, म्हणजे खळ्यापासून लांब गेला. आठवं विमान वळून गेलं तेव्हा जगदेवनं त्यावर पायानं माती लोटली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. नववं येण्याआधी धूर विझलेला होता! पंचनाम्यात काय लिहिलं? "शेतकऱ्याने केलेल्या दाट धुरामुळे." करायला लावलं साहेबानं, केला जगदेवनं, आणि कागदावर साहेब कुठंच नाही. सहा पानांचा कागद, आणि एकाही पानाला लाज नाही.

आठ विमानं आली ती अशी: पूर्वेकडून घरघर, मग एक ठिपका, मग ठिपक्याला पंख. खांबापाशी एका अंगावर कलायचं, वळसा, आणि गेलं. एक मिनिटाचं काम. माझ्या पाटीवर आठ रेघा.

नववं पावणेचारला आलं. हिंगोलीची गाडी सिग्नलला थांबली होती, म्हणून वेळ पक्की सांगतो. लाल रंगाचं होतं. कनात अख्खी उभी राहिली. सेठनं छत्री उघडून हलवली. देवेंद्रकुमारनंही हात हलवला, आणि डावीकडं कलला.

पहिला फेरा. टाळ्या.

निघून जायच्या ऐवजी तो दुसऱ्या फेऱ्याला लागला. सेठ म्हणाले, "घरच्याइले पाहून खुश झाला." लोक हसले. साहेब चिडला, म्हणाला, शर्यत आहे का वरात? तिसरा, चौथा. मी रेघा मारतोय.

आणि इथंच तुमचे शहाणे चुकतात. अकरा वर्षं मी यांची डोकी ऐकतोय. एक म्हणतो, पेट्रोल संपलं. अरे, पेट्रोल संपलं तर विमान पडेल, घिरट्या कायले घालेल? आणि आवाज शेवटपर्यंत एकसारखा होता, शिवणयंत्रासारखा, एक टाका चुकला नाही. दुसरा म्हणतो, घार आडवी आली. मंडळीच्या मिस्त्रीनं यंत्र उलटंपालटं केलं, एक पीस मिळालं नाही. तिसरा म्हणतो, पोराला चक्कर आली. आणि जे खरं वाटण्यासारखं होतं, की पोरगा आईबापासमोर मिरवत होता, ते म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही. सेठसमोर कोण म्हणणार? मग उरला तो धूर. धुराला सेठ नसतो, साहेब नसतो. धुराला जगदेव असतो.

मी सांगतो काय होतं. पहिला फेरा त्यानं बाभळीच्या बाहेरून घेतला. सहावा बाभळीच्या आतून. आठवा चुन्याच्या रेघेवरून. प्रत्येक फेऱ्याला तो दोन-दोन हात आत येत होता. मोजून.

बाभळीखाली बसलेले चारही बैल उठले. दावणीला बांधलेले, जायला जागा नाही. ते जागच्या जागी पावलं टाकू लागले. चारही एका वेळी तोच पाय उचलत होते.

नवव्या फेऱ्याला मला त्याचा चेहरा दिसला. डोळ्यांवरचा चष्मा त्यानं कपाळावर सारला होता. दोन्ही हातांनी तो दांडा उजवीकडं ओढत होता, अंगातलं सगळं बळ लावून. मान बाहेर ताणलेली, तोंड उघडं. तिवड्याजवळचा बैल थकला की अशीच मान बाहेर काढतो.

मांडवात आता माशी वारायलाही हात उठत नव्हता.

अंगुरीबाईंना सगळ्यांच्या आधी कळलं. त्या उठल्या. ओरडल्या नाहीत. शेजारणीला पाणी मागावं तशा म्हणाल्या, "हा खेळ नाही. माझा पोरगा अडकलाय. कोणी सोडा ना त्याला."

टाळ्या थांबल्या.

लांबच्या बांधावरून जगदेव धावत निघाला. हातात विळा.

"दोर तोडू द्या! दोर तोडू द्या मले!"

बारावा फेरा. खळ्यातलं पिंजर उडत नव्हतं. एवढं विमान डोक्यावरून जात होतं आणि काडी हलत नव्हती. पण कणसांमधून आवाज येत होता. तटतट, तटतट. खुराखाली दाणा सुटतो तसा.

जगदेव चुन्यापर्यंत पोचला.

दोन शिपायांनी त्याला धरलं.

पंधरावा.

तो ओरडत होता, हात झाडत होता. विळा चुन्यात पडला.

सोळावा. खांबाच्या इतका जवळ, की लाल फडकं पंखाला पुसलं.

सतरावा.

खांबाला काही लागलं नाही. विमान बांधावर नाकावर पडलं, बैलगाडीतून पोतं पडावं तसा आवाज झाला. आग नाही, जाळ नाही. धूळ बसली तेव्हा देवेंद्रकुमार आत बसलेलाच होता. मान डावीकडं.

मग शिपायांनी जगदेवला सोडलं. तो पोराकडं गेला नाही, खळ्यात गेला. त्याच्यामागं मी गेलो. कणसांखाली लपवलेला दोर कणसांखाली नव्हता. तो तिवड्यावर गुंडाळलेला होता, इतका आवळून की लाकडात रुतला होता. मी वेढे मोजले. सतरा.

आणि ज्वारी मळून झाली होती. अर्धी कच्ची सोडलेली ती सगळी. दाणा खाली, रिकामी कणसं वर. खूर एकही उमटलेला नाही.

"पंचनाम्यात हे हाय का?" म्हातारा इंद्रभान म्हणाला. तो इतका वेळ खाली मान घालून बसला होता.

"नाई," मी म्हटलं. "पंचनामा बबनरावच्या बापानं लिवला. मी त्याले हात धरून दोर दाखवला. तो म्हने, दोर तं खयात असतेच. ज्वारी दाखवली. म्हने, ज्वारी तं खयात असतेच! मंग साहेबानं सांगतलं अन् त्यानं धूर लिवला. खाली बारा अंगठे."

बबनराव पत्रावळीचं टोक मोडत होता.

जगदेवला नऊ महिन्यांची शिक्षा झाली. अकोल्याच्या तुरुंगात गेला तेव्हा पहिलवान होता, आला तेव्हा कडबा होऊन आला. उजव्या बाजूची एक बरगडी वाकडी, श्वास घेताना शीळ वाजायची. पुन्हा कधी त्यानं तिवडा रोवला नाही. लोकांनी त्याला खळ्यावर बोलावणं सोडलं. बाया त्याच्या घरचा विस्तव घेईनात. म्हणायच्या, धूर येतो. अकरा वर्षं! आणि तुम्ही, तुम्ही सगळे, त्याच्या ज्वारीच्या भाकरी खाऊन मोठे झालेले, आज चाळीस जण आले आणि त्यातही हा पत्रावळीवर बसून धुराचं बोलतो!

माझा आवाज फाटला होता. लुगड्याच्या आडून बायका डोळे पुसत होत्या. दोन-तीन म्हातारे मान हलवत होते, आणि मी पाहिलं, अंगणाच्या फाटकाशी आणखी दहा-बारा माणसं येऊन उभी राहिली होती. ऐकत होती. जगदेवचं नाव माझ्या तोंडून धुतलं जात होतं, मला ते दिसत होतं.

"म्हणून सांगतो," मी म्हणालो, "पोराला दोरानं धरलं असेल, भुतानं धरलं असेल, मला त्याचं काही घेणं नाही. पण जगदेवला कळलं होतं काय करायचं. एक घाव, दोर तुटला असता, पोरगा सुटला असता. पाच फेरे हातात होते, पाच! मग त्याला मारलं कोणी? त्या दोन शिपायांनी. आतड्याची माणसं नव्हती ती. आई सांगतेय, सोडा, खळ्याचा धनी सांगतोय, सोडा, आणि यांनी एका माणसाला जनावरासारखं दाबून धरलं. खुनी तेच. दोघंही. माझ्यासमोर आले तर आजही मी त्यांच्या तोंडावर…"

"खोटं."

आवाज मोठा नव्हता. रंगूबाई दारात उभी होती. उंबऱ्यावर हात टेकून.

"भाऊजी, बाकी सारं खरं सांगतलं तुमी," ती म्हणाली. "दोर खरा. ज्वारी खरी. पन शिपाई तिथं नव्हते. दोघंबी ठेसनाच्या फाटकापाशी गर्दी आवरून राह्यले होते. मी त्याइच्याच बाजूनं पान्याची कळशी घेऊन आली."

मी म्हटलं, "वहिनी, तुमाले याद नसन…"

"मालक होते तवर त्याइनं मले बोलू देलं नाई. आता कोनाची शपथ?" तिनं पदर सावरला नाही. "त्याइले खाली पाडलं तुमी. छातीवर गुडघा तुमचा होता. बरगडी तुरुंगात नाई मोडली. ते खालून वरडून राह्यले होते, 'मारोत्या, सोड, दोर तोडू दे.' अन् तुमी आभायात पाहून, बैल हाकतेत तसे, त्या इमानाले हाकून राह्यले होते. 'हो, फिर रे, फिर.' लोक हासून राह्यले होते, म्हून तुमी थांबलेच नाई."